विरजण का बिघडलं

कोल्हार,
११ मार्च १९७२

प्रिय हमिदा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि उठले. शेवटी डेअरीच्या प्रयोगशाळेत, उभ्याउभ्याच लिहिते आहे.

तुला कामावरून काढल्यावर विरजणाचं काम माझ्याकडे आलं. पुण्याहून नवं विरजण आणलं. दोन महिने चक्का छान झाला. मग एका सकाळी टाकीतलं दूध विरजलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुझ्या वेळी झालं होतं, हुबेहूब तसं. आता हात माझे होते. ते मी इतके घासले की सालपटं निघाली.

मला चैन पडेना. त्या दुधावरच्या पाण्याची निवळी मी चिनी मातीच्या गाळणीतून गाळली. तिच्यातून जीवाणू पार होत नाहीत. तरी त्या निवळीचा थेंब विरजणाच्या जीवाणूंच्या दाट थरावर टाकला, तर तिथं भोक पडल्यासारखी नितळ जागा! त्या जागेतलं कणभर ताज्या थरावर नेलं, तर तिथंही भोकं. म्हणजे ते वाढत होतं. आपण बी.एस्सी.ला घोकलेले जीवाणूंचे विषाणू, हमिदा! प्रथिनाचं कोनदार डोकं, आत गुंडाळलेला डीएनएचा धागा, खाली शेपटी. एकट्याला ना खाता येतं ना वाढता. शेपटीनं जीवाणूला चिकटायचं, धागा आत सोडायचा; टरफल बाहेरच राहतं. मग तो जीवाणू आपलं काम सोडून त्यांचीच डोकी न् शेपट्या घडवतो, आतच त्यांची जुळणी होते, आणि तासाभरात तो फुटतो. एकातून शंभरेक निघतात. दूध आंबवायला कोणी उरतच नाही. चक्क्यातून गळालेल्या, याच विषाणूंनी भरलेल्या निवळीची पिंपं विरजणाच्या खोलीच्या दाराशी ठेवतात, ती आपल्या मॅनेजरांच्या, काकासाहेबांच्या हुकमानं. तू हात कितीही धुतले असतेस, तरी हेच झालं असतं.

तुझ्यावरच्या अहवालात 'अस्वच्छ हाताळणी' हे शब्द होते. खाली सही माझी होती. काकासाहेबांनी कागद पुढं केला आणि मी नोकरीला भ्याले. तुला न्यायला आलेल्या गनीचाचांनी फाटकात मला विचारलं, "तुमीच सांगा बाई, माझी पोर घाणेरडी हाय का?" मी वळून आत गेले. काल खरं कारण लिहून दिलं. काकासाहेब म्हणाले, "जुनं कशाला उकरता?" म्हणून एक नक्कल संचालक मंडळाला पाठवली, एक सोबत जोडली आहे. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. सोमवारच्या एस.टी.नं कोपरगावला येते आहे. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. चाचांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडानं द्यायचं आहे.

तुझीच,
विजयमाला