गडग्यातलं फुरसं

ती. नीरजाताईंना,
सा. न.

दिवाळीत तुम्ही आठ दिवस माहेरी आलात आणि आमच्या शर्वीला बागेभोवतीच्या चिरेबंदी गडग्यावरून चालायला शिकवून गेलात. सहा वर्षांची झाली तरी तिला धड उडी मारता येत नव्हती. मला चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. पाढे पाठ झाले, पण पळायला मीच शिकले नाही, तर तिला काय शिकवणार?

तुम्ही गेल्यावर ती वर्गात आपणहून हात वर करू लागली. घरी मात्र सारखं, "आत्या अशी चढते, आत्या तशी उतरते." मला ते सोसेना. मी तिला सांगितलं, "गडग्यात फुरसं दिसलंय. तिकडे फिरकायचं नाही."

खोटं होतं. त्या दुपारी ती माझ्या मांडीवरून उठली नाही आणि ताई, मला बरं वाटलं.

आता ती वर्गात पुन्हा गप्प असते. काहीही विचारलं की "मला नाही येत" म्हणते. आज मी कबूल केलं, "साप नव्हता गो. चल, मी हात धरते."

"तू नको. आत्याला फोन कर. ती आली की चढेन."

दोन तास झाले. ती पायरीवर वाट बघत बसली आहे आणि मी फोन न करता हे लिहिते आहे.

तुमची वहिनी,
मृण्मयी