बोटं न मोडता

मारेगाव, २० एप्रिल २०२५

चि. सौ. मोनालीस रुखमाबाईचा पोटभर आशीर्वाद अन् जयभीम.

वि. वि. इकडे मी बरी. फोनवर तू हो आई, हो आई म्हणून ठेवून देते, म्हणून लिहून राह्यली.

जयंतीले तुम्ही आले. माही नात उर्वशी केवढी गोड दिसत होती वो! मी उंबऱ्यातच तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सगळीच्या सगळी वाजली! अन् पोट्टी कान झाकून अशी किंचाळली की गल्ली गोळा झाली. तू तिले उचलून पहिल्याच बसनं यवतमाळले नेलं. आता माहा पोरगा रोशन म्हणते, पुन्हा आणत नाही.

खरं सांग, तिले आजीच्या विरुद्ध कोणी शिकवलं? माहा वहीम तुह्यावरच हाय. तिले डाक्टरनं म्हणे ऑटिझम सांगितला. शेजारच्या विमलताईच्या पोराले, संघर्षलेही, तेच सांगितलं. तो शब्द बोलत नाही, पण मले पाहिलं की गळ्यातच पडते. आपली तं अख्खं त्रिसरण धडाधडा म्हणते, पण हात लावू देत नाही. दोघांले एकच नाव कसं? डाक्टरच खोटा असन.

लोणचं पाठवलं. बरणी परत देजो. जीव लावते तशी लावत जाय.

तुही सासू रुखमाबाई

---

यवतमाळ, २८ एप्रिल २०२५

ती. आईंना मोनालीचा सादर जयभीम.

लोणचं पोचलं, रोशनने अर्धं संपवलंसुद्धा. आई, मी तिला काहीच शिकवलं नाही. डॉक्टरांना मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, नाव एक, पण लेकरू प्रत्येक वेगळं. संघर्षला घट्ट धरलेलं आवडतं. उर्वशीला अचानक लागलेला हात अन् कडकड आवाज सोसत नाही. त्रिसरण पाठ आहे, पण त्रास होतोय हे तिला सांगता येत नाही, मग किंचाळते.

बुद्धपौर्णिमेला आणते. फक्त बोटं मोडू नका. मोडली तर मलाही पुन्हा आणवणार नाही. राग धरू नका, माया असू द्या.

तुमची सून मोनाली

---

मारेगाव, १६ मे २०२५

चि. सौ. मोनालीस आशीर्वाद अन् जयभीम.

तुम्ही गेले अन् घर सुनं झालं. त्या दिवशी मी हात पदराखाली दाबून बसली होती, बोटं नुसती वळवळत होती. एक डोळा तुह्यावर, पोरीले खुणा करते काय म्हणून. तू तं खीरच ढवळत होती.

मंग ती आली. माह्याकडे न पाहता पाठीले पाठ टेकून बसली. मी श्वासही जपून घेतला. तेवढ्यात विहाराचा भोंगा लागला. तिनं आपला तो आवाज अडवाचा हेडफोन कानाले लावला, अन् माहे हात पदराखालून ओढून माह्याच कानावर दाबून ठेवले. आपल्या हातानं वो! भोंगा थांबला तरी मी तशीच बसून.

विमलताईले तीनदा सांगितलं. ती म्हणे, संघर्ष असं करत नाही. म्हटलं, त्याचं त्याच्यापाशी, इचं इच्यापाशी.

शाळेच्या आधी एकदा आणजो. पदर मोठा हाय माहा.

एक वहीम तेवढा राह्यला. ते हात ठेवाचं तू तं नाही शिकवलं? शिकवलं असन तं मले सांगू नको.

आहे ती माया वाढव.

तुही रुखमाबाई