उजव्या हाताची कात्री

बाबा, काल मैदानावर तुमच्यासारखाच एक बाप आला होता. मोताळ्याकडचा. त्याची मुलगी मी शिकवतो त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने खेळते, आणि तिच्या डाव्या पायाला तोड नाही. तो म्हणाला, "सर, पोरगी सारं डाव्यानंच करते. जेवनबी. तुमी तिले वळण लावा, नाही तं मी घरी घेऊन जातो." मी सांगितलं, "काका, त्या डाव्या पायामुळेच ती संघात आहे. तो मी सुधारणार नाही." त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना, ते हुबेहूब तुमचं पाहणं. त्याला बोललो, ते खरं तर तुम्हाला बोलायचं होतं.

चिखलीचं आपलं शिलाईचं दुकान. टेबलावर कापड पसरलंय, माझ्या डाव्या हातात तुमची मोठी कात्री. ती उजव्या हातासाठीच घडवलेली, डाव्यात धरली की कापड पात्यांमध्ये दुमडतं. तुम्ही कान पिळता, "डाव्यानं शिंपीकाम करतात काय बे? उजव्यानं धर!" शेगावला तर भर रांगेत मारलंत, प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून. प्रसाद खाली सांडला. तो तुम्ही उजव्या हाताने वेचून कपाळाला लावलात, माझ्याकडे पाहिलंही नाही. हात तुम्ही ताब्यात घेतलात, बाबा. पाय तेवढा सुटला.

शाळेच्या मैदानावर त्या पायाला कोणी मारत नव्हतं. उलट सर ओरडायचे, "डाव्यानं हाण!" त्याच पायावर मी विद्यापीठाच्या संघात गेलो, कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलो, गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झालो. तुम्ही एकही सामना पाहिला नाहीत. "पायानं कोनाचं पोट भरते?" म्हणायचात. भरतं, बाबा. माझं भरलं, घरादाराचं भरलं. आणि मी डावराच राहिलो. जेवतो डाव्याने, सही करतो डाव्याने, तुमच्या फोटोला हारसुद्धा डाव्याने घालतो. राग येत असेल तर येऊ द्या.

काल सराव संपल्यावर त्या मुलीचा घोटा बांधायला बसलो. तिचा बाप बाजूलाच उभा होता. मी पिशवीतून तुमची तीच दुकानातली कात्री काढली आणि पट्टी कापू लागलो. तो वाकून पाहत होता. म्हणाला, "सर, तुमी तं उजव्यानं कापता!"

मुलगी खुदकन हसली. माझी चांगलीच पंचाईत झाली. मग म्हणालो, "हो. मला मारून शिकवलंय. आजही ही कात्री हातात घेतली की कान गरम होतो. तुमच्या मुलीला फुटबॉल पाहिला की असं व्हावं, असं वाटतं का तुम्हाला?" त्याने लेकीकडे पाहिलं. मग तिचे बूट उचलून तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "खेळू द्या तिले. कशीबी." एसटी धरायला तो एकटाच गेला.

मी जिंकलो, बाबा. हेच सांगायला लिहायला बसलो होतो. हे पत्र आता पिशवीत कात्रीखालीच राहील. फक्त एक गोष्ट त्या बापाला सांगितली नाही. काल पट्टी अगदी सरळ कापली गेली, एक धागा सुटला नाही, आणि तुम्ही पाहिलंत का म्हणून मी मान वर केली होती.