पिंपळाकडून दुसरी लेन

अणदूर,
२१ ऑगस्ट २०२४
॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

ती. अण्णांस,
उमादेवीचे शरणार्थ. शिवरंजनी वहिनींना नमस्कार.

सोमवारपासून तुमचे एकवीस फोन आले. एकही उचलला नाही. मोबाइल ठणठणीत आहे, माझं डोकं ठिकाणावर नाही. बोलले असते तर तोंडातून काय गेलं असतं याचा नेम नव्हता. लिहिताना निदान वडील भावाला ‘तुम्ही’ लिहावं लागतं, एवढा तरी लगाम राहतो. हे पत्र धाराशिवच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तुमच्या शाळेसमोर टाका, असं सांगितलंय.

रविवारी जिल्ह्याच्या स्पर्धेत महेश्वरी शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिली आली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मंडपाच्या कडेला उन्हात उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले. पोरगी पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळते न गुंडाळते तोच भोंग्यावर सांगितलं की लेन दोन बाद. कारण वळताना तिनं भिंतीला दोन्ही हातांऐवजी एकच हात लावला. आणि हा एक हात पाहिला कुणी? तर तिच्या सख्ख्या मामानं.

अण्णा, आमच्या विहिरीत हिच्या पाठीला डबा बांधून हिला पोहायला कुणी शिकवलं? पायरीशी आली की दोन्ही हातांनी धर, एका हातानं धरलीस तर पुन्हा पलीकडे पाठवीन, असा दम कुणी भरला? आठ वर्षांची असल्यापासून ती दोन हातांनी पायरी धरते आहे. आता तर सवयीनं जेवणाचं ताटसुद्धा दोन हातांनी उचलते.

वळणाशी दोन पंच असायला हवे होते म्हणे. दुसरे पोह्यांच्या रांगेत होते, हेही मी पाहिलं. ते तिथंच राहिले आणि तुम्ही पाण्याशी राहिलात, हे आमचं नशीब. तुम्ही तिकडं पोहे खायला गेला असता तर पोरगी आज लातूरच्या विभागीय स्पर्धेची तयारी करत असती. पंधरा सप्टेंबरला आहे ती. प्रत्येक प्रकारातून एकच मुलगी जाते. पुढच्या वर्षी ही वयात बसत नाही. गिरणीत दळण टाकायला गेले तर बाया विचारतात, बाद म्हणजे पोरीनं नेमकं केलं तरी काय?

राखी घेऊन येणार होते, ती डब्यातच आहे.

रागावलेली, तरी तुमचीच,
उमा


धाराशिव,
२४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. उमादेवी हिस,
बसवेशचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कंडक्टरनं ते शाळेच्या शिपायाला दिलं, शिपायानं मुख्याध्यापकांना दिलं आणि मुख्याध्यापकांनी पाकीट उलटंपालटं करून मला दिलं. पुढचं पत्र टपालानं पाठव.

तू आईच्या मायेनं लिहिलंस, म्हणून मनाला लावून घेत नाही. पण पंचाला माया नसते. पाण्यात सहा मुली होत्या. सगळ्यांच्या पिवळ्या टोप्या, सगळ्यांचे काळे चष्मे. मला कोण कुणाची हे कसं कळणार? मी फक्त हात पाहिले. चिठ्ठीवर लेन दोन लिहिलं. मुख्य पंच बिभीषण सरांनी यादी पाहून मला बाजूला घेतलं आणि विचारलं की ही तुमची भाची आहे, बघा, चिठ्ठी फाडायची का. मी म्हणालो, नाही. तेव्हा तिथं उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी चूक झाली असेल ही शंका मनातून काढून टाक. मी भिंतीच्या इतका जवळ होतो की तिच्या पाण्यानं माझे बूट भिजले. पिंपळाची सावली पाण्यावर पडली होती, त्यामुळं डोळ्यांवर चमक नव्हती. त्या सावलीत ती आली, उजवा हात भिंतीला लागला, डावा लागला नाही. लख्ख दिसलं. आणि गेली बावीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर फक्कीनं लेन आखतो आहे. लेन मोजायला मला कुणी शिकवू नये.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. ‘मामाने केले भाचीला बाद’ असा तीन कॉलमी मथळा आहे. फोटो जुना आहे, पण बरा आलाय. पाच सप्टेंबरला, शिक्षक दिनी, ‘निःपक्ष पंच’ म्हणून शाळेत माझा सत्कार आहे. तू आणि जावईबापूंनी पहिल्या रांगेत बसावं अशी माझी इच्छा आहे. महेश्वरीही आली तर शोभा येईल.

वहिनी बरी आहे. या विषयावर ती काही बोलत नाही. खरं तर कुठल्याच विषयावर बोलत नाही.

अंतर पडू देऊ नये.
तुझा,
अण्णा


अणदूर,
२७ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
महेश्वरीचा साष्टांग नमस्कार.

आई शेजारी शेंगा फोडत बसली आहे आणि दर ओळीला काय लिहिलंस विचारते आहे. म्हणून पत्र सभ्य होईल. कात्रण मिळालं. त्यात माझं नाव माधुरी छापलंय. एका अर्थी बरंच झालं.

मामा, तुम्ही जे पाहिलंत ते खरंच पाहिलंत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी आईलाही सांगितलं. तिनं एक शेंग जरा जोरात फोडली. पण तुमच्या पत्रातली सावली वाचून मी अडखळले.

मी सबंध शर्यत उन्हात पोहले. आई मंडपाच्या कडेला होती आणि मी तिच्या समोरच्या लेनमध्ये होते. तिचं ओरडणं मला पाण्याखालीही ऐकू येत होतं. पिंपळ मंडपाच्या समोर, तलावाच्या पलीकडच्या काठावर आहे. सकाळी नऊला त्याची सावली शेवटच्या दोन लेनवर होती, माझ्यापर्यंत ती कशी येईल? माझी पाठ उन्हानं सोलून निघाली आहे, आजी रोज खोबरेल लावते.

मग मी कागदावर तलाव काढला. तुम्ही वळणाच्या भिंतीशी, आमच्याकडे तोंड करून उभे होता. पिंपळ तुमच्या उजव्या हाताला. तुम्ही उजवीकडून मोजलंत, एक, दोन. मैदानावर ते बरोबर आहे, कारण तिथं पहिली लेन पळणाऱ्याच्या डाव्या हाताला असते. तलावात ती पोहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. तुम्ही तलावावर मैदानाची मोजणी केलीत, मामा. पिंपळाकडून दुसरी लेन म्हणजे लेन पाच. तिथं निकिता होती. ती दुसरी आली होती. मी बाद झाले म्हणून पहिली झाली आणि आता तीच लातूरला जाणार आहे.

माझं चुकत असेल तर सांगा. तलाव तुमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

दोन्ही हात जोडून (एक नाही),
तुमची भाची,
महेश्वरी


धाराशिव,
३० ऑगस्ट २०२४

चि. सौ. उमादेवी आणि चि. महेश्वरी यांस,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तलावावर जाऊन आलो. वळणाच्या भिंतीवरचे आकडे पुसले गेलेत, म्हणून पलीकडच्या टोकाला जाऊन उडी मारायच्या ठोकळ्यांवरचे वाचले. परत येऊन मोजले. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. चौकीदारानं विचारलं की काही हरवलंय का.

लेन पाचच होती.

हे तुम्हा दोघींना लिहितो आहे, अजून कुणाला बोललो नाही. नियमाप्रमाणे तक्रार निकालानंतर अर्ध्या तासाच्या आत द्यावी लागते. आता बारा दिवस झाले. बिभीषण सरांना आडून विचारलं तर ते म्हणाले की निकाल छापून झालाय, आता देव आला तरी बदलत नाही. शिवाय सत्कार गुरुवारी आहे. पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे ठरलेत, शाल आणलीय. मुख्याध्यापकांनी माझ्यावर चार कडवी रचलीत. अशा वेळी मी काय करावं? सत्कार एवढा होऊन जाऊ दे. मग शांतपणे काहीतरी मार्ग काढू. महेश्वरी समजूतदार आहे.

रागावू नये, एवढंच मागणं.
अण्णा


अणदूर,
२ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थ.

तुम्ही चुकलात याचं मला काही वाटलं नाही. माणूस चुकतो. माझ्या लग्नात तुम्ही अक्षता दुसऱ्याच मांडवात टाकून आला होता, ते आम्ही हसून सोडून दिलं. पण चूक कळल्यावर तिच्यावर शाल पांघरून चार कडवी ऐकायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच मला शाळेत शिकवलं होतं.

सत्कारानंतर शांतपणे मार्ग काढू म्हणता. पंधरा तारखेला निकिता लातूरच्या पाण्यात उडी मारेल, तेव्हा तुमची शांतता कपाटात शालीशेजारी घडी घालून ठेवा. पोरगी समजूतदार आहे, हे खरं. ती मला म्हणाली की मामांना त्रास देऊ नकोस, त्यांचं नाव मोठं झालंय. मग विहिरीवर गेली. दीड तास पोहली आणि दर खेपेला पायरीला दोन्ही हात लावून माझ्याकडे बघत होती, जणू मी पंच आहे. मला ते बघवलं नाही. मी घरात येऊन रडले. लहानपणापासून मी तुमच्याइतकं कुणाला मानलं नाही, म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी आम्ही येणार नाही. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या ठेवा.

उमा


धाराशिव,
६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. उमा,
आशीर्वाद.

खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. वहिनी त्यांच्या शेजारी बसली आणि सबंध कार्यक्रमभर त्यांच्याकडेच बघत होती.

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, कडवी झाली. मग मी माइकवर गेलो आणि सांगितलं की मी लेन उलट्या बाजूनं मोजल्या, निर्दोष मुलीला बाद केलं, आणि हे मला आठवड्यापासून माहीत आहे. मग सूत्रसंचालकांना वाटलं की हा विनय आहे. ते म्हणाले की पाहा, किती हा मोठेपणा! टाळ्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी उठून मला दुसरी शाल घातली. उमा, मी चूक कबूल केली आणि मला तिचाही सत्कार मिळाला! दोन्ही शाली टेबलावर ठेवून उतरलो. नारळ तेवढा हातात राहिला, घाईत लक्षात आलं नाही.

तिथून थेट बिभीषण सरांकडे गेलो. लेखी दिलं. ते म्हणाले की असा अर्ज आजवर आलाच नाही, म्हणून याला नियम नाही. खरा निर्णय एका ओळीचा होता, लेन पाच बाद, पण जमलेल्या पंचांपैकी कुणालाच कुणाला बाद करायचं नव्हतं. दोन तास चर्चा, तीन चहा. शेवटी ठरलं की मंगळवारी सकाळी आठला दोघींनी पुन्हा पोहायचं, जिंकेल ती लातूरला. निकिताला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली की आपलाच एक हात लागला होता हे तिला तेव्हाच माहीत होतं. पण बाद दुसरीच झाल्यावर आपण कशाला बोलायचं, असं तिला वाटलं. मी तिला काय बोलणार? मीही आठवडाभर तेच केलं होतं.

वळणाशी मलाच उभं राहायचं आहे. दुसरं कुणी तयार नाही. महेश्वरीला घेऊन ये. मला तिची माफी मागायची आहे आणि ती पत्रात मागता येत नाही.

तुझा चुकलेला भाऊ,
अण्णा


अणदूर,
११ सप्टेंबर २०२४
॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

ती. अण्णांस,
शरणार्थ. वहिनींना नमस्कार. त्या बोलायला लागल्या, हे काल कानांनी ऐकलं. तासभर ऐकलं.

समोरासमोर हे बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. काल तुम्ही दिवस उजाडताच येऊन भिंतीवर हातभर उंचीचे आकडे फक्कीनं काढून ठेवले होते. एक ते सहा. पोहणार दोघीच होत्या, तरी सहाही काढलेत. महेश्वरीनं वळताना दोन्ही तळव्यांची अशी थाप मारली की पिंपळावरचे पक्षी उडाले. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं की फटाका कुठं फुटला. तिथं तुम्ही गुडघ्यांवर बसला होता, नाक पाण्याला टेकायचं बाकी होतं. जिंकून ती बाहेर आली आणि तुम्ही माफी मागायला दोन्ही हात जोडलेत. मग तिनंच ते जोडलेले हात धरले. घरी येताना बसमध्ये म्हणाली की मामांनीही दोन्ही हात जोडले, एक नाही.

तुमच्या त्या वर्तमानपत्राला मी दोनदा फोन केला. ‘मामाने केली चूक कबूल’ छापा म्हटलं. ते म्हणाले की जागा नाही. तीन कॉलम रिकामे व्हायला कुणाला तरी पुन्हा चुकावं लागेल.

रविवारी लातूरला आमच्याबरोबर चला. पंच म्हणून नाही, मामा म्हणून. डबा मी आणते.

सोबत राखी आहे. पौर्णिमा उलटून तीन आठवडे झाले, पण तुमच्यासारख्या भावाला उशिरा चालते. वहिनींच्या हातून उजव्या हाताला बांधून घ्या. उजवा कुठला, ते समोर उभं राहून ठरवू नका.

तुमच्या मायेची,
उमा