भुजंगरावांची पेटी

२४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! मिरजेपासून आभाने नुसतं डोकं खाल्लं. म्हैसूर आलं का, हत्ती कधी दिसणार, एवढंच. सरस्वतीपुरमचं हे घर मात्र झकास आहे. पुढे अबोली, मागे कढीपत्त्याचं झाड आणि त्याच्याशेजारी आम्हा मायलेकींना दिलेली खोली. घरात तिरुमलराव आणि तुंगाकाकू दोघंच. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी घरात मराठी बोलतात. आता मराठी म्हणजे कशी, तर निम्मी कन्नड! मी सामान उचलायला लागले तर काकूंनी दटावलं की सुम्ने बस गं, स्वल्प कॉफी घे. म्हणजे उगीच धडपडू नको, जरा कॉफी घे. आभा तर तासाभरात त्यांना अज्जी म्हणायला लागली. लबाड कुठली!

कामही माझ्या आवडीचं आहे. तिरुमलरावांच्या वडिलांच्या पूर्वी रुग्णवाहिका होत्या. गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, पण त्यांच्यावरच्या फर्स्ट एडच्या पेट्या यांनी जपल्या, वर चार ठिकाणांहून आणखी जमवल्या. मी त्यांचा गंज काढायचा, त्या गाडीवर असायच्या तशा भरायच्या आणि पुढच्या खोलीत मांडायच्या. दसऱ्याला पाहुणे बघायला येणार आहेत. इतकी वर्षं संग्रहालयात दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, हे पहिलं माझं स्वतःचं काम. मी भलतीच खूश आहे.

२७ सप्टेंबर

दिवसभर गंजाशी झटापट. पेट्या आहेत मात्र एकेक बघण्यासारख्या! पत्र्याच्या, सागवानी, एक तर चक्क कॅनव्हासची. आयोडीनच्या तपकिरी बाटल्या, डोळे धुवायचा काचेचा इवलासा पेला, हात-पाय मोडल्यावर बांधायच्या लाकडी पट्ट्या. आभाने मला रुग्ण करून माझं डोकं गुंडाळलं. मी मेले तरी सोडणार नाही म्हणाली.

एक पेटी मात्र देवघराशेजारी, लाल फडक्यात बांधलेली. ती तिरुमलराव देईनात. कारण विचारलं तर म्हणाले, ती भुजंगरावांची, राहू दे. भुजंगराव म्हणजे वडिलांच्या गाडीवर रुग्णाशेजारी बसणारा माणूस. जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. आता मेलेल्या माणसाला पेटी काय करायची आहे? पण म्हाताऱ्यांशी कोण हुज्जत घालणार.

१ ऑक्टोबर

आज आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. इथे तिचं प्रस्थ काय विचारता! स्कूटरला हार, मिक्सरला कुंकू, विळीला झेंडू. माझे ब्रशसुद्धा सुटले नाहीत. स्कूटरपुढे कोहळा फोडला. मधोमध भुजंगरावांची पेटी. काकूंनी बजावलं की आज कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही आणि त्या पेटीला तर कधीच नाही.

दुपारी दोघं नातलगांकडे गेली. पाहुणे उद्या येणार आणि माझ्या मांडणीत बरोब्बर मधली जागा रिकामी. मला राहवेना. फडकं सोडलं. आत सगळ्या कापडी पट्ट्या आधीच मापाने कापून ठेवलेल्या, पिवळ्या पडलेल्या. काही अगदी लहान, पोरांच्या मापाच्या. त्या काढल्या, पेटी पुसली, नवा कापूस, नव्या पट्ट्या भरल्या आणि हार होता तसा ठेवला. कोणाला कळतंय!

२ ऑक्टोबर

सकाळी काकूंच्या बोटाला पांढरीशुभ्र पट्टी. झोपेत कोणी बांधली? सगळ्यांनी आभाकडे पाहिलं, ती देवाशपथ नाही म्हणाली. आम्ही खूप हसलो. काकूंनी पट्टी कापून टाकली आणि कणीक मळायला घेतली.

दुपारी नारळ खवताना विळीने नेमकं तेच बोट कापलं. रक्त थांबता थांबेना. टाके पडले, पाहुण्यांना परत पाठवलं.

तिरुमलराव सकाळीही हसले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, पेटी उघडलीस का? मी हो म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. टी. नरसीपूरच्या रस्त्यावर बस उलटली होती. यांची गाडी जत्रेच्या गर्दीत अडकली. भुजंगराव धावत पोचले तेव्हा एक लहान मुलगी रक्त जाऊन नुकतीच गेली होती, अंग अजून ऊन. त्या दिवसापासून माणूस बदलला. पुन्हा उशीर होऊ देणार नाही म्हणायचा आणि दिवसभर पट्ट्या कापत बसायचा. पेटी मांडीवर घेऊनच गेला. वडिलांनी ती बांधली. दरवर्षी पूजा करायची, उघडायची नाही, असं ठरलं.

योगायोग असतात. असतात ना?

४ ऑक्टोबर

तिरुमलराव दुपारच्या झोपेतून उठले ते डाव्या डोळ्यावर पट्टी घेऊन. काकू काढायला धावल्या, त्यांनी काढू दिली नाही. संध्याकाळी कढीपत्ता तोडताना वाळकी फांदी त्याच डोळ्यात घुसली. जाड पट्टीमुळे डोळा वाचला.

म्हणजे तो आधी येतो. जखमेच्या आधी. काढली पट्टी तरी जखम चुकत नाही, निदान ठेवली तर थोडक्यात भागतं.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकते, उगीच शूरपणा कशाला.

५ ऑक्टोबर

मी भरलेलं सगळं परसात नेऊन जाळलं. पेटी रिकामी करून पुन्हा फडक्यात बांधली, हात जोडले, नाक घासलं. चुकले म्हणाले. आभा विचारत होती, आई, तू पेटीशी का बोलतेस?

६ ऑक्टोबर

आभाचा हात. उजवा. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये बसवलेला, त्रिकोणी फडक्याने गळ्यात अडकवलेला. गाठ कशी सपाट, टोकं कशी आत खोचलेली! पोरगी खूश, आरशात बघते आहे.

सोडला नाही. दिवसभर तिला मांडीवर घेऊन गादीवर बसले. खाली उतरू दिलं नाही. भिंतीशी, उशांच्या मध्ये—

दुधाचा पेला घ्यायला मी मान वळवली तेवढ्यात गेली गादीवरून. वीतभर उंचीची गादी! हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

डॉक्टर विचारत होते, इतकं सुरेख कोणी बांधलंय? म्हणून जास्त सरकलं नाही म्हणे. मी काय सांगू.

७ ऑक्टोबर

उद्या निघायचं. तिकिटं मिळाली. काकू रडतात, मीच तुला नीट सांगायला हवं होतं म्हणतात. त्यांचा काय दोष? उघडली मी.

पेटीचं फडकं सुटलंय. आत पट्ट्या आहेत. मी जाळल्या होत्या. त्या—

८ ऑक्टोबर, सकाळ

बॅगा भरल्या. आभा औषधाच्या गुंगीत. उठवायला पांघरूण काढलं.

तिच्या पायाचे अंगठे एकमेकांना बांधलेत. पांढऱ्या पट्टीने.

हे कोणाचे बांधतात ते कोणी सांगायला नको. बाबा गेले तेव्हा मीच बांधले होते, हनुवटीखालून डोक्यावरून पट्टीसुद्धा. नाही. माझं लेकरू नाही. पाच वर्षांची आहे हो ती—

श्वास चालू आहे. ऊन आहे.

कापून उपयोग नाही. काकूंनी कापली होती.

कापायची नाही. सोडवायची. गाठ सहज सुटली. तीच पट्टी, त्याच घड्या. माझ्या अंगठ्यांना बांधली. भुजंगराव, ऐकताय ना? माणूस चुकला तुमचा. ही माझी. मी उघडली होती.

थोड्या वेळाने

आभा उठली! भूक लागली म्हणाली. आख्खी इडली खाल्ली. मी इथेच बसून आहे, पायावर चादर. काकूंना सांगितलं तिला बाहेर न्या, माझ्या बहिणीला, पूजिताला, फोन करा, तिला घ्यायला ये म्हणावं. काकू चादरीकडे बघत राहिल्या. पोरीला उचलून घेऊन गेल्या.

अंगणात हसतेय. अज्जीला काहीतरी सांगतेय. मोठ्याने. किती बोलते ही कार्टी—

बोल बाळा. बोल.

हनुवटीखाली काहीतरी मऊ. डोक्यावरून घेतोय. घट्ट नाही, दुखत नाही— फार जपून बांध