काही तक्रार आहे का?

९ डिसेंबर २००८

सहा दिवसांची पोलीस कोठडी दिली. आरोपी गणू, उलव्याच्या पलीकडे खाडीवरचा कोळी. जाळ्यात वायरलेस संच मिळाला तो पोलिसांना न कळवता घरात लपवला, असा आरोप. मुंबईत समुद्रातून आलेल्या माणसांनी हल्ला केला त्याला अजून पंधरा दिवसही झालेले नाहीत — त्यामुळे कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी माझ्या कोर्टात कोण येतं?

एकही वकील गणूचं वकीलपत्र घेईना. परवापर्यंत कॉरिडॉरमध्ये घटनेवर भाषणं ठोकणारे सगळे आज घशाला कोरड पडल्यासारखे. शेवटी मोफत कायदा सहाय्यातून शोभाताईंना नेमलं. त्या बिचाऱ्या धापा टाकत आल्या.

गणूला नेहमीचा प्रश्न विचारला — पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? "नाय." तसं लिहून घेतलं. पुढचं प्रकरण डंपरच्या अपघाताचं होतं.

१० डिसेंबर

पेपरात मोठा मथळा — दहशतीचं पनवेल कनेक्शन! कनेक्शन म्हणे. इथे टेलिफोनचं मिळत नाही वेळेवर.

भरतनं चहा पिता पिता विचारलं, "तुझ्याच कोर्टात आहे ना हे? सांभाळून हं." काय सांभाळायचं ते नाही सांगितलं. नवरे सांगतच नाहीत.

१२ डिसेंबर

सर्दी. क्लार्क तुळशीराम रजेवर, त्यामुळे एक फाईल जागेवर नाही. बाकी काही नाही.

१५ डिसेंबर

गणूला पुन्हा आणलं. इन्स्पेक्टरला आणखी आठ दिवस कोठडी हवी. "सहा दिवसांत काय निघालं?" "तपास सुरू आहे, मॅडम." "काय निघालं?" "मामला देशाच्या सुरक्षेचा आहे, मॅडम." प्रश्न एक, उत्तर भलतंच. सरकारी वकीलही तेच वाक्य घोळवत राहिले. देश माझाही आहे, हे यांना कुणीतरी सांगायला हवं.

शोभाताईंनी गणूच्या बायकोला, गुणाबाईला, पुढे आणलं. टोपली दाराशी ठेवून आली होती. म्हणाली, "बाय, आमच्या घरची रीत हाय. जाल्यान मासली सोरून काय बी आयला का तो पयला देवीम्होरं. पुनवंपर्यंत हात लावाचा नाय, कोनाला सांगाचा नाय." शिपाई तिला दटावत होता, बाय नाही, मॅडम म्हण. मी म्हटलं, बोलू दे. "देवीम्होरं ठेवला तं लपवला कसा? आमच्या घरान शिरला का पयली देवीच दिसते. हलद-कुकू लावलेला व्हता त्याला!"

पंचनामा काढून पाहिला. खरंच, संच देवघरात मिळाला, त्यावर हळद-कुंकू. पोलिसांनीच लिहिलंय. पौर्णिमा बारा तारखेला होती, यांनी आठला उचलला. चार दिवस थांबले असते तर कदाचित स्वतःच घेऊन आला असता चौकीवर. किंवा नसता आला. ते मला ठरवायचं नाही. आठ दिवस द्यायचे की नाही, एवढंच माझ्यापुढे होतं.

गणू घामाघूम होऊन उभा. म्हटलं, बसा. "उभाच बरा हाय." पुन्हा म्हटलं, बसा हो. बसला, आणि तसाच ताडकन उठला.

मग सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "मॅडम, आरोपी पळाला तर?" म्हटलं, खिडकीला गज आहेत. बाहेर गेले, पण तोंडं पाहण्यासारखी झाली होती. गणू तरी काही बोलेना. सरकारी दवाखान्यात तपासणीचा आदेश दिला, अहवाल उद्या अकरापर्यंत.

१६ डिसेंबर

अहवाल आला. मांड्यांवर आणि पार्श्वभागावर पट्ट्यासारखे वळ, काही चार-पाच दिवसांतले. इन्स्पेक्टरचं म्हणणं, होडीत पडला असेल. सहा दिवस तुमच्या कोठडीत होता, होडी आणली होती का तिथे?

पोलीस कोठडी नाकारली. न्यायालयीन कोठडी — म्हणजे तुरुंग, पण पोलिसांच्या हातातून सुटका. इन्स्पेक्टरकडून लेखी खुलासा मागवला. आदेश सावकाश, शब्द न् शब्द सांगितला. बरं वाटलं. खूप वर्षांनी नोकरी आवडली.

१८ डिसेंबर

वरिष्ठ साहेबांचा फोन. आधी सर्दीची चौकशी. मग, "वातावरण काय आहे ते बघताय ना? अशा वेळी जरा..." त्या 'जरा'पुढे काही बोलले नाहीत. म्हटलं, सर, आदेश वाचलात का? म्हणाले, वाचायचं काय त्यात.

संताप आला. पण फोन ठेवून तीन जामीन अर्ज ऐकले, नीट ऐकले.

१९ डिसेंबर

गणूचं प्रकरण माझ्याकडून काढलं. पोलिसांचा अर्ज होता — मॅडम आरोपीच्या बाजूला झुकलेल्या आहेत. आता शेजारच्या कोर्टात, नव्या न्यायाधीशांपुढे. प्रितेश नाव. मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. त्यांच्याकडे पोलीस पुन्हा कोठडी मागणार. पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच देता येते, ती मुदत संपत आली आहे, मंगळवारी शेवटची संधी.

गुणाबाई जिन्यात भेटली. "आता नवा साहेब मारायला पाठवंल का त्याला?" मी बोलू शकत नाही हे तिला कसं सांगायचं? मान हलवली आणि खाली उतरले. वाईट वाटलं.

२१ डिसेंबर

रविवार. भरत म्हणाला, सुटलीस, ब्याद गेली. ताट घेऊन आतल्या खोलीत जेवले.

प्रितेशची नोकरी अजून कच्ची आहे. साहेबांचा एक फोन गेला की गार पडेल. पोरगा कोठडी देऊन मोकळा होईल, आणि गणूला पुन्हा त्याच खोलीत नेतील. तिथे त्याची बाजू घेणारं कुणी नाही. माझ्याकडे राहिला असता तर वाचला असता. हे मी नुसतं अहंकारानं म्हणत नाही, थोडंफार अनुभवानंही.

२३ डिसेंबर

प्रितेशनी कोठडी नाकारली.

शोभाताई सांगायला आल्या. प्रितेशनी म्हणे पोलिसांना आधीच बाहेर पाठवलं, लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, काही तक्रार आहे का? गणू म्हणाला, "हाय. पयल्या दिशी पन व्हती. मागं पोलीस उभा, म्हून तोंडानं नाय बोल्लो. हात वर केला व्हता, वल दाखवाला. त्या बायनं मान वर केली नाय." प्रितेशनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि जिल्हा न्यायालयाकडे पाठवलं, माझ्या नावासकट.

शोभाताईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं. तेव्हापासून आठवून बघते आहे. वळ आठवत नाहीत. हात आठवत नाही. नऊ तारखेचा त्याचा चेहराही आठवत नाही.