नातीचा मोठा फोटो

नाना, तुम्ही असता तर परवा दुपारी मी तुम्हालाच फोन लावला असता. धुळ्याच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली एक्स-रे शिकले, आता जळगावात सीटीचं मशीन चालवते, केस पांढरे झाले. तरी परवा विचारायला तुम्हीच हवे होतात.

नात बापाबरोबर असोद्याच्या मळ्यात गेली होती. केळीच्या ट्रॉलीवरून पडली, कपाळावर हे एवढं टेंगूळ. मुलगा आणि सून तिला घेऊन थेट माझ्याकडे आले. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं. पोर शुद्धीत, उलटी नाही, पडल्या पडल्या रडलेली. म्हणाले, "आत्ता सीटी नको. संध्याकाळपर्यंत इथेच नजरेखाली ठेवू. उलटी झाली, गुंगी वाटली, तर मला बोलवा, मी बघून ठरवतो." मुलगा माझ्यावरच उखडला, "मशीन तुझ्या हातात, आणि तू नुसती बघत बसतेस?" सुनेला वेगळाच घोर. आपल्याकडे लेकरू पडलं की भेटायला येणारा आधी विचारतो, "मोठा फोटो काढला का?" सीटीला सगळे मोठा फोटोच म्हणतात. नाही म्हटलं की आईनेच हयगय केली. तेवढ्यात साक्रीहून तिच्या आईचा फोन, सगळ्या अंगाचाच फोटो काढा म्हणून, "बठ्ठा आंगना फोटो काढी ल्या, मंग जीवले घोर नही." मी भडकलेच. "अहो, लग्नातला फोटो आहे का तो? लहान अंगाला ते किरण मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात. गरज पडली तर काढू, तोही डोक्यापुरता. मनाच्या समाधानासाठी नाही!"

बोलले खरी ठसक्यात, पण ठसका तुमचा. आठवतं का, धुळ्यात मी नवीन आहे, एका पोराचा हात मोडलाय आणि घाईत मी छातीपोटासकट अख्खं पोर फिल्मवर घेतलंय. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "हात दुखस ना त्याना? मंग बठ्ठा पोऱ्या कसाले काढा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला शेजारी उभं केलंत आणि लेकराशी आधी गप्पा कशा मारायच्या ते दाखवलंत. पोर हललं नाही की फोटो पुन्हा काढावा लागत नाही, एवढंच म्हणालात.

आणि मग नात पेंगायला लागली. ही तिची रोजची झोपायची वेळ, नाना! आता ही झोप की गुंगी, कसं ओळखायचं? हाक मारली तर नुसतं "हं". सून हुंदके देऊ लागली, तिला मी बाहेर बसवलं. मुलगा डॉक्टरांना आणायला पळाला. मी एकटी, पोर मांडीवर. डॉक्टर एकटेच आत आले, डोळ्यांत टॉर्च मारला, तशी बाईसाहेबांनी त्यांच्या हातावर चापट मारली. "आजी, ह्यांना सांग ना, मला झोपू दे!" डॉक्टर हसले. "झोपच आहे ही. मधूनमधून उठवून बघू." संध्याकाळी ती केळ्याचे वेफर्स मागत घरी आली.

आता सून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, "सगळे मागे लागले होते, पण आमच्या आई ठाम राहिल्या." मी चहा टाकायला उठते. नाना, डॉक्टर आले तेव्हा पोर माझ्या मांडीवर नव्हतीच. त्यांची वाट न बघता मी तिला मशीनवर निजवलं होतं, पट्टा बांधला होता आणि बटणाकडे वळले होते. त्यांनी पट्टा पाहिला, सोडला आणि मग टॉर्च काढला. सुनेला हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.